इंडिया व्हेन्स्टर

टेबल माउंटन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. नाव माहीत नसताना पाहिलाय, एवढंच. १९९७ च्या जानेवारीत न्यूलँड्सवर आपली ५ बाद ५८ अशी दाणादाण उडाली होती आणि मग सचिन आणि अझर जे काही खेळले (१६९ आणि ११५!), तेव्हा टीव्हीवर स्टेडियमच्या मागे जो भलाथोरला डोंगर दिसत होता ना, तोच. पण न्यूलँड्सवरून दिसते ती त्याची पूर्वेची, हिरवी बाजू. पोस्टकार्डावर असतो तो सरळसोट कडा आणि वर सुरीने कापल्यासारखा सपाट माथा म्हणजे उत्तरेची बाजू. तिच्या पायथ्याशी केप टाऊन शहर आणि शहराच्या पुढ्यात लगेच समुद्र. इथल्या मूळच्या खोई लोकांनी या डोंगराला दिलेल्या नावाचा अर्थच 'समुद्रातला डोंगर' असा आहे म्हणे.

उंची १०८६ मीटर. सह्याद्रीत वाढलेला माणूस हा आकडा ऐकून मनातल्या मनात हसतो. कळसूबाई १६४६ आहे भाऊ, आम्हाला काय सांगता! पण आपले डोंगर देशावरून चढायला घेतले तर निम्मी उंची आधीच फुकट मिळालेली असते. इथे मीटर शून्यापासून पडतो. शिवाय वारा थेट समुद्रावरून येतो, आणि तो कधी येणार हे विचारायची सोय नसते.

वर जायचा सर्वात लोकप्रिय मार्ग म्हणजे केबल कार. १९२९ साली सुरू झाली. आताच्या गोल डब्यांत एका वेळी ६५ माणसं मावतात आणि वर जाता जाता डब्याची जमीन गोल फिरते, म्हणजे खिडकीसाठी भांडणं नकोत. पाचेक मिनिटांत वर. चालत जायचं असेल तर प्लॅटेक्लिप गॉर्ज. मधोमध असलेल्या घळीतून दगडी पायऱ्यांची वाट, दमवणारी पण सरळ. १५०३ साली अंतोनियो द साल्दान्या हा पोर्तुगीज दर्यावर्दी या डोंगरावर चढला, तो याच घळीतून चढला असावा असं मानतात. म्हणजे ५०० वर्षं चालू असलेली मळलेली वाट. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाला पाचनईवरून जातात तसं.

आणि ज्यांना हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने जायची खाज असते, त्यांच्यासाठी इथे इंडिया व्हेन्स्टर आहे.

'व्हेन्स्टर' म्हणजे आफ्रिकान्स भाषेत खिडकी. कड्यातल्या खडकांमधली एक मोकळी जागा विशिष्ट ठिकाणाहून पाहिली तर भारताच्या नकाशासारखी दिसते, म्हणून हे नाव, असं सांगतात. जवळच एका कड्याला 'आफ्रिका फेस' म्हणतात. एवढ्या लांब येऊन डोंगरावर आपल्या देशाची खिडकी असेल तर तिथून जायला नको? २०२३ च्या नोव्हेंबरात कामासाठी तीन आठवडे केप टाऊनला होतो, बायको रजा टाकून आली होती, आणि पुण्याच्या टीममधला एक मित्रही सोबत होता. या मित्राला ऑफिसात सगळे 'किल्लेदार' म्हणतात. किल्ल्यांची यादी एक्सेलमध्ये ठेवतो, दीडशेच्या पुढे गेली आहे. त्याने नकाशा पाहिला आणि जाहीर केलं, "अडीच-तीन किलोमीटर, सातशे मीटर चढ. नाश्त्याच्या आधी होईल."

आमचा तिथला सहकारी जन्मापासून या डोंगराखाली राहिलेला. तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "मी येतो. आणि खाली कसं यायचं हे शुक्रवारी ठरवू, शनिवारी नाही."

मला वाटलं केबल कारनेच येऊ, त्यात ठरवायचं काय? त्याने शांतपणे समजावलं. केबल कार वाऱ्यावर अवलंबून. उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आग्नेयेकडून जोरदार वारा सुटतो. वारा वाढला की केबल बंद. नुसता वाराच नाही. १ जानेवारी २०१८ ला याच बाजूच्या कड्यावर दोरांच्या साहाय्याने चढणाऱ्यांना अपघात झाला, दोघांचा जीव गेला, बचावकार्यासाठी केबल थांबवावी लागली आणि शेकडो पर्यटक वर अडकून पडले. तेव्हा 'वर गेल्यावर केबलने येऊ' ही झाली इच्छा, योजना नव्हे. योजना म्हणजे प्लॅटेक्लिपने पायी उतरणं, आणि त्यासाठी लागणारं पाणी, विंडचीटर, हेडटॉर्च प्रत्येकाच्या पाठीवर. केबल मिळाली तर बोनस.

पहिल्या शनिवारी सकाळी सहाला केबलच्या खालच्या स्टेशनापासून निघालो. वाट सुरुवातीला केबलच्या तारांखालूनच चढते. दोन्ही बाजूंना 'फिनबॉस', म्हणजे गुडघा-कमरेएवढी कडक पानांची झुडपं. दिसायला अगदी किरकोळ, पण या केप द्वीपकल्पाच्या चिमुकल्या तुकड्यावर वनस्पतींच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट टीमचं नाव ज्याच्यावरून पडलं ते प्रोटियाही त्यातलंच. बायकोला झाडांचं वेड, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात आमचा वेग तासाला तीन झुडपं.

अर्धा-पाऊण तास चढलं की कॉन्टूर पाथ लागतो. डोंगराच्या कमरेवरून आडवी जाणारी ही वाट. इथून डावीकडे गेलं की प्लॅटेक्लिप. इंडिया व्हेन्स्टर सरळ वर जाते. आपल्याकडे कातळावर चुन्याने बाण काढतात, तशा इथे पिवळ्या रंगाने पावलं रंगवली आहेत. पावलं पाहत जायचं, कारण वर गेल्यावर भलत्याच फळीवर नेणाऱ्या फसव्या वाटाही आहेत. बऱ्याच जणांना तिथूनच उचलून आणावं लागतं.

खडक मात्र झकास. आपला बेसाल्ट साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्ह्याचा. पाऊस खाऊन खाऊन भुसभुशीत झालेला, पकडलेला दगड हातात यायची भीती. टेबल माउंटनचा दगड वाळूचा, ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साठून घट्ट झालेला. हाताला खरखरीत लागतो आणि बुटाला चिकटून धरतो. किल्लेदार खूश. "अरे हा तर सॅंडपेपर आहे! याच्यावरून मी आजीला घेऊन जाईन."

पहिला कातळटप्पा सहज झाला. मग दुसऱ्यापाशी आलो. दोन-तीन माणसं उंच, कातळात लोखंडी कड्या ठोकलेल्या, शेजारी साखळी. वर बघितलं तर अवघड वाटत नाही. खाली बघितलं की मात्र शहर दिसतं. म्हणजे मधे काही नाहीच, थेट शहर. आपल्याकडे दरीत निदान झाडी तरी असते, नजर कुठेतरी अडकते. इथे बुटाच्या टोकाखाली रस्ते, गाड्या, स्टेडियम, पलीकडे समुद्र आणि समुद्रात रॉबेन बेट, जिथे मंडेलांनी २७ पैकी १८ वर्षं काढली.

तिथे बायकोने एक प्रश्न विचारला. "मी चढेन. पण वरचा टप्पा नाहीच जमला, तर मला इथून उतरता येईल का?"

आमचा केप टाऊनवाला पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. म्हणाला, "गेल्या कित्येक वर्षांत मी ज्यांना ज्यांना इथे आणलं, त्यात हा प्रश्न विचारणारे फार थोडे." मग त्याने त्याचा नियम सांगितला. टप्पा सुरू करायचा, तीन हालचाली वर जायचं आणि तिथून पुन्हा खाली यायचं. उतरता आलं तर पुढे जायचं. नाही आलं तर तो टप्पा आज आपला नाही.

नियम ऐकायला पोरकट आहे, पण त्यामागचं कारण एकदम पक्कं आहे. चढताना पुढची खोबण डोळ्यासमोर असते, हात आधी पोचतो, पाय मागून येतात. उतरताना सगळं उलटं. आधी पाय सोडायचा, आणि तो कुठे टेकणार ते दिसत नाही, कारण आपलंच शरीर मधे येतं. वजन हातावर येतं आणि नजरेला फक्त दरी मिळते. त्यामुळे माणूस जिथे आरामात चढतो तिथे उतरू शकेलच असं नाही. असे चार टप्पे वर गेलात की मागचे चार दरवाजे बंद झालेले असतात, आणि पाचवा जमला नाही तर ना पुढे ना मागे. या वाटेवरून इतक्या लोकांची सुटका करावी लागते त्याचं कारण बरेचदा हेच. पाय मोडलेला नसतो, माणूस नुसता मधे अडकलेला असतो.

बायको तीन हालचाली वर गेली, हळूहळू उतरली, पुन्हा वर गेली. मीही. किल्लेदार झपकन वर गेला. तिसऱ्या कडीशी थांबला, खाली पाय सोडला, पाय हवेतच राहिला. पुन्हा वर घेतला. दुसरा सोडला. एक मिनिट गेलं असेल. मी त्याला बारा वर्षं ओळखतो, त्याचे हात थरथरताना कधी पाहिले नव्हते. केप टाऊनवाल्याने खालून त्याचा बूट धरून एकेका खोबणीत ठेवला आणि त्याला खाली आणलं.

कोणी काही बोललं नाही. डोक्यावरून केबल कार गेली, आतल्या लोकांनी उत्साहाने हात केले. आम्हीही केले.

मग किल्लेदारच म्हणाला, "मी वर जाईन रे. वर जायला काहीच प्रॉब्लेम नाही. पण नियमाप्रमाणे मी नापास." थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही तिघं जा. मी या आडव्या वाटेने जातो."

तिथे एकट्याने फिरू नये, निदान चौघं तरी असावेत, असं सांगतात. खालच्या वाटांवर लूटमार झालेली आहे. पण खरं सांगायचं तर तो मुद्दा निघालाच नाही. केप टाऊनवाल्याने सॅक उचलली आणि उतरायला लागला. चौघंही कॉन्टूर पाथवर आलो, डावीकडे वळलो, आणि प्लॅटेक्लिपने वर जाऊन कॉफी प्यायलो. दीडशे किल्लेवाला माणूस दिवसभर विनोद करत होता, जरा जास्तच.

रात्री बायको म्हणाली, "त्याला वाईट वाटलंय." मी म्हटलं, वाटणारच. पण मला दुसरंच जाणवत होतं. चौघांत सगळ्यात तयारीचा माणूस तो. तो तिथे 'हॅट्, काय होतंय' म्हणून वर गेला असता तर आम्ही तिघं मुकाट मागे गेलो असतो. त्याने नापास म्हटलं आणि सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. दीडशे किल्ल्यांपेक्षा ही गोष्ट अवघड असावी.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा ठरलं. चौथी म्हणून केप टाऊनवाल्याची बहीण आली, ती त्याच्याहून सराईत. किल्लेदार म्हणाला, "मी केबलने वर जातो आणि तुमची वाट बघतो. कोणीतरी वर असायला पाहिजे." मग त्याने प्रोजेक्ट मॅनेजरसारखी यादीच केली. कॉन्टूर पाथ सोडताना एक मेसेज, शेवटचा टप्पा संपल्यावर दुसरा. साडेअकरापर्यंत दुसरा मेसेज नाही आला तर तो फोन करणार, बारापर्यंत पत्ता नसेल तर बचाव पथकाला कळवणार. आणि हो, केबलने जाणार असला तरी पाणी, विंडचीटर, हेडटॉर्च त्याच्याही पाठीवर.

या वेळी टप्पे एकापाठोपाठ एक झाले. प्रत्येक ठिकाणी तीन हालचाली वर, तीन खाली. वेळ जातो, मागच्या लोकांना पुढे सोडावं लागतं, पण डोकं शांत राहतं. टप्प्यांच्या वर वाट उजवीकडे वळसा घेते. शहर अचानक कापल्यासारखं दिसेनासं होतं आणि समोर अटलांटिक. खाली कॅम्प्स बेचा पांढरा किनारा, डावीकडे लांबवर एकामागे एक उभे असलेले 'ट्वेल्व्ह अपॉसल्स'चे कडे. दोन पावलांच्या रुंदीची वाट, एका खांद्याला कडा, दुसऱ्या बाजूला हवा. ज्यासाठी ही वाट करायची ते हे वळण. एरवी बडबड करणारी आम्ही चार माणसं तिथे पाच मिनिटं गप्प बसलो होतो. एक डॅसी, म्हणजे घुशीसारखा दिसणारा एक लठ्ठ प्राणी, ऊन खात आमच्याकडे तुच्छतेने बघत होता. तो हत्तीचा जवळचा नातेवाईक आहे. म्हणूनच असेल.

आणि तिथेच वारा लागला.

टेबल माउंटनचा 'टेबलक्लॉथ' प्रसिद्ध आहे. आग्नेयेचा वारा समुद्रावरची ओल घेऊन डोंगराच्या मागच्या बाजूने वर चढतो, वर थंड होऊन त्याचा ढग होतो, आणि तो ढग सपाट माथ्यावरून पुढच्या कड्यावर सांडतो. थोडा खाली आला की पुन्हा गरम होऊन विरून जातो. शहरातून बघायला अप्रतिम. पण गंमत अशी की पुढच्या बाजूने चढणारा माणूस डोंगराच्या आडोशाला असतो. मागून काय चाललंय ते त्याला कळतच नाही. ढग डोक्यावरून ओघळायला लागला की कळतं.

वर पाहिलं तर कड्याच्या काठावरून पांढरं काहीतरी लोंबत होतं. केप टाऊनवाल्याची बहीण म्हणाली, "शेवटचा टप्पा झालाय, मागे फिरण्यापेक्षा आता वर जाणं सोपं." तेवढ्यात वरून सायरनचा आवाज आला. हवा बिघडली की वरच्या स्टेशनवर भोंगा वाजतो. सगळ्यांनी परत या, केबल बंद होणार. मी मेसेज टाकला होता, पण फोनवर तो जायची गोल चक्री नुसती फिरत होती. अकरा वाजून दहा मिनिटं.

शेवटची चढण आम्ही ढगातच केली. दहा-पंधरा फुटांवरचं माणूस पुसट. पिवळी पावलं एकेक करून शोधायची, सापडलं की पुढच्याने हाक द्यायची. घाई कोणीच केली नाही. खाली जायची योजना आधीच खिशात होती, त्यामुळे 'केबल चुकेल' या भीतीला आमच्यात जागाच नव्हती. माझ्या मते त्या दिवशी आम्ही केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट शुक्रवारी झाली होती.

माथ्यावर आलो तेव्हा केबलपाशी गर्दी ओसरत आली होती. वाटेच्या तोंडाशी, भर वाऱ्यात, विंडचीटरची टोपी घट्ट आवळून किल्लेदार उभा. हातात फोन. आम्हाला बघून त्याने घड्याळात पाहिलं. "अकरा सव्वीस. चार मिनिटं शिल्लक होती."

"अरे, भोंगा कधीचा वाजलाय. तू का नाही गेलास खाली?"

"तुमचा मेसेज आला नव्हता ना," तो म्हणाला, जणू मी मूर्खासारखं काहीतरी विचारलं होतं. मग बायकोकडे वळून, "वहिनी, खाली येता येईल असे टप्पे होते का सगळे?"

"सगळे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तुम्हीही पास."

शेवटच्या डब्यांमध्ये कदाचित जागा मिळालीही असती. ज्यांच्याकडे पाणी नव्हतं, चपला घातलेल्या होत्या, कडेवर पोरं होती, त्यांना ती जास्त गरजेची होती. आम्ही पाच जण पठारावरून पूर्वेकडे निघालो. दहा-पंधरा मिनिटांत प्लॅटेक्लिपचं तोंड आलं आणि पायऱ्या उतरायला लागलो. शंभरेक मीटर खाली आल्यावर ढग संपला आणि खाली ऊन पडलेलं शहर दिसलं, जणू काही झालंच नाही. पावणेदोन तास उतरत होतो. गुडघ्यांनी जे काय सांगायचं ते सांगितलं. टाफेलबर्ग रोडला लागलो आणि तिथून गाडीपर्यंत दीडेक किलोमीटर डांबरी रस्ता, जो सगळ्या ट्रेकमध्ये सगळ्यात कंटाळवाणा.

आमच्या धंद्यात शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये म्हणतात. तरी करावा लागलाच तर पहिला प्रश्न असतो, रोलबॅक प्लॅन काय? कागदावर प्रत्येकाकडे तो असतो. चालवून पाहिलेला किती जणांकडे असतो, हा भाग वेगळा. केप टाऊनवाल्याचा तीन हालचालींचा नियम म्हणजे तेच. रोलबॅक आहे का असं विचारायचं नाही, करून दाखवायचा, आणि तोही प्रत्येक टप्प्याला नव्याने. खालच्या टप्प्यावर उतरता आलं म्हणून वरच्या टप्प्याला सूट नाही.

आडवाटेचं कौतुक आपण बहुतेक वेळा चढण्यावर करतो. फोटोही चढतानाचेच असतात. पण मळलेली वाट आणि आडवाट यांत खरा फरक परतीचा आहे. मळलेल्या वाटेवर परत फिरणं कधीही शक्य असतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. आडवाटेवर तो हक्क आपोआप मिळत नाही. दर टप्प्याला थोडा वेळ, थोडा अभिमान मोजून तो विकत घ्यावा लागतो. तो हातात आहे तोवर ते धाडस. तो गेला की उरतं ते नशीब, आणि नशिबाच्या भरवशावर डोंगर चढणाऱ्यांना आणायला मग दुसऱ्या कोणालातरी रात्री दोर घेऊन वर जावं लागतं.

बाकी, इंडिया व्हेन्स्टरच्या खिडकीत भारताचा नकाशा दिसला का, असं सगळे विचारतात. केप टाऊनवाल्याने बोट दाखवलं, बायकोला लगेच दिसला. मला बराच वेळ श्रीलंकाच सापडत नव्हती. किल्लेदाराने अजून पाहिलेला नाही. पण त्याने एक्सेलमध्ये एक नवी ओळ टाकली आहे, आणि पुढे 'स्थिती' या रकान्यात लिहिलंय: 'उतरायचा सराव चालू'.